सदस्य-वर्गणीचे खाते : भागीदारी करा, पण किल्ली वाटू नका

दुकानाच्या गल्ल्याची किल्ली कोणाकडे असावी, हे आपल्या व्यापारी घरांत कोणी पुस्तकातून शिकले नाही. वडील हयात असतील तर वडिलांकडे, ते बाहेरगावी गेले तर थोरल्याकडे. कारागीर कितीही विश्वासाचा असला तरी गल्ला उघडण्याचे काम त्याला सांगितले जात नाही. यात त्याचा अपमान नसतो. उलट उद्या हिशेबात शंभर रुपये कमी आले तर त्याच्यावर संशय येऊ नये, ही त्यातील सोय असते.

गेल्या काही वर्षांत मात्र आपल्याच कारखान्यांत आणि दुकानांत एक नवा गल्ला उघडला आहे. आरी-जरदोजीचे काम, मेंदी, शेरवानीचे कटिंग, लाकडावरील नक्षी, बिर्याणीची देग अशा कितीतरी कामांचे यूट्यूब चॅनल आज घराघरांत आहेत. काहींना त्यावर दरमहा वर्गणी भरणारे सदस्य मिळाले आहेत. या गल्ल्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. ती मात्र घरातील पाच-सहा जणांच्या मोबाइलमध्ये पडलेली असते. लोखंडी गल्ल्याला जो नियम आपण लावतो, तो येथे का लावत नाही? आजच्या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

एका कारखान्याची हकीकत

आमच्या परिचयाच्या एका जरदोजी कारखान्यातील वाद मिटवण्यासाठी आम्हाला मध्यस्थ म्हणून बसावे लागले. कारखाना मामूंचा. तीस वर्षांची कला त्यांच्या बोटांत. चॅनल सुरू केले भाच्याने, आपल्या स्वतःच्या ईमेलवर. मामूंनी फ्रेमवर कपडा ताणायचा, सुई चालवायची आणि बोलायचे. भाच्याने चित्रण करायचे. हळूहळू लोक जोडले गेले. पुढे महिना ५९ रुपये भरून खास धडे पाहणारे सदस्य झाले. पैसे भाच्याच्या बँक खात्यात येत आणि तो मामूंना रोख आणून देई. पासवर्ड मामूंच्या दोन मुलांना, एका कारागिराला आणि भाच्याच्या एका मित्राला ठाऊक होता. दोन वर्षे सर्व सुरळीत चालले.

मग भाचा नोकरीसाठी आखातात गेला. त्याचे इकडचे सिम कार्ड रिचार्जअभावी बंद पडले. एके दिवशी मुलाने नव्या फोनवरून चॅनल उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा कंपनीने ओटीपी मागितला. ओटीपी गेला बंद सिमवर. चॅनल दिसत होते, पण नवा धडा चढवता येत नव्हता. सदस्यांची वर्गणी मात्र दरमहा कापली जात होती. खाली तक्रारी सुरू झाल्या : "पैसे घेता आणि शिकवत नाही." कमाई भाच्याच्या खात्यात जमा होत होती, आणि तिकडून पैसे पाठवायला त्याला उशीर होई. कुटुंबात कुजबूज सुरू झाली की भाचा पैसे खातो. त्याच्या आईने माहेरी जाणे सोडले.

आम्ही कागद मागितले. कागद नव्हते. मामू म्हणाले, "पडद्यावर हात माझे आहेत." भाचा फोनवर म्हणाला, "खाते माझ्या नावावर आहे." दोघांचेही खरे होते. कोणी चोरी केली नव्हती. चूक एवढीच होती की भागीदारी केली होती तोंडी आणि खाते उघडले होते एकट्याच्या नावाने. कंपनीला नातेगोते कळत नाही. ज्याच्या नावावर खाते आहे आणि ज्याच्या फोनवर ओटीपी जातो, त्यालाच ती ओळखते.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट निघाली. ती अधिक धोक्याची होती. तिच्याकडे आपण पुढे येऊ. आधी या खात्यांची रचना समजून घेतली पाहिजे.

पैसा कोणत्या वाटेने येतो?

वर्गणीची पद्धत नवी नाही. साप्ताहिकाची वर्गणी वाचक भरतोच. फरक इतका की येथे कारागीर आणि ग्राहक यांच्यामध्ये कंपनी उभी असते. अशा मासिक वर्गणीसाठीच अमेरिकेत २०१३ साली पेट्रिऑन नावाची कंपनी निघाली. यूट्यूबवर याला चॅनल मेंबरशिप म्हणतात. कर आणि इतर शुल्क वजा जाता उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांतील ७० रुपये चॅनलवाल्याला मिळतात. जाहिरातीचा हिस्सा वेगळा. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी प्रेक्षण, अशी अट आहे.

कमाई चॅनलमधून थेट बँकेत जात नाही. मध्ये ॲडसेन्स नावाचे दुसरे खाते असते. चॅनल ॲडसेन्सला जोडायचे आणि ॲडसेन्स बँकेला. ॲडसेन्सवर पत्ता द्यावा लागतो. पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने एक पिन क्रमांक येतो. साधारणपणे १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. एका व्यक्तीला एकच ॲडसेन्स खाते ठेवता येते आणि तिचे वय १८ पूर्ण लागते. आपल्याकडे अनेक घरांत अकरावीतला मुलगा चॅनल चालवतो आणि वडिलांच्या नावाने ॲडसेन्स काढतो. त्यात वावगे काही नाही. मात्र मग करपात्र उत्पन्न वडिलांचे आणि जबाबदारीही वडिलांची, हे दोघांनी समजून घ्यावे.

म्हणजे या धंद्यात तीन कुलुपे आहेत : ईमेल व चॅनल, ॲडसेन्स आणि बँक खाते. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या नावावर असली की तंट्याचे बीज पेरले गेले म्हणून समजावे.

पासवर्ड म्हणजे सही

पासवर्ड वाटण्यात काय बिघडते? पासवर्ड ही नुसती किल्ली नसून ती सही आहे. पासवर्ड टाकून आत आलेल्या माणसाने जे केले, ते मालकानेच केले असे कंपनी धरते. म्हणजे चार जणांना पासवर्ड देणे हे सही केलेले चार कोरे चेक देण्यासारखे आहे. त्यातून पुढील धोके संभवतात.

पहिला धोका, कोणी काय केले हे कळत नाही. व्हिडिओ पुसला गेला, वर्गणीचा दर बदलला गेला, ग्राहकाला उर्मट उत्तर गेले. सर्वत्र नाव मालकाचे. निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखवता येत नाही.

दुसरा धोका, माणूस जातो पण पासवर्ड त्याच्यासोबत राहतो. कारागीर उद्या दुसऱ्या कारखान्यात जाईल, तो त्याचा हक्क आहे. त्याने जुन्या पासवर्डचा लबाडीने वापर केला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-क प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खटला चालवून गेलेले व्हिडिओ परत येत नाहीत. आधी बंदोबस्त करणे केव्हाही स्वस्त.

तिसरा धोका आपण हकीकतीत पाहिलाच. दुहेरी पडताळणीचा ओटीपी एकाच्या फोनवर जातो. यूट्यूबने १ नोव्हेंबर २०२१ पासून कमाई करणाऱ्या चॅनलवाल्यांना ही पडताळणी सक्तीची केली आहे. ती चांगली गोष्ट आहे. मात्र तिचा आधार ज्या सिमवर आहे ते सिम जिवंत पाहिजे. बराच काळ न वापरलेले प्रीपेड सिम बंद होते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो.

चौथा धोका सर्वांत मोठा. जितके मोबाइल आणि संगणक, तितकी चोराला दारे. ऑक्टोबर २०२१ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागाने जाहीर केले की २०१९ च्या अखेरीपासून यूट्यूबवाल्यांना जाळ्यात ओढणाऱ्या टोळ्या काम करीत आहेत. पद्धत अशी : "आमच्या मालाची जाहिरात करा, इतके पैसे देतो" असा ईमेल येतो. सोबत एखादी फाइल किंवा सॉफ्टवेअर असते. ते उघडताच संगणकातील लॉगिनची खूण चोरीला जाते. आपण एकदा लॉगिन केल्यावर ब्राउझर ती खूण जपून ठेवतो, म्हणून तर आपल्याला रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. चोराला ती मिळाली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. मार्च २०२३ मध्ये कॅनडातील लिनस टेक टिप्स हे दीड कोटीहून अधिक सबस्क्रायबर असलेले चॅनल याच पद्धतीने काही तास चोरांच्या हाती गेले. हे चॅनल खुद्द संगणकाचीच माहिती देणारे! त्यांच्या कचेरीतील एका माणसाने जाहिरातीच्या प्रस्तावाची फाइल उघडली आणि एवढे निमित्त पुरले. जाणकारांची ही गत, तर आपल्या कारखान्यातील सहा मोबाइलांचे काय सांगावे?

मग मदतनिसाला आत कसे घ्यायचे?

मदतीशिवाय चॅनल चालत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. सर्व कामे एकट्याने करा असे आमचे म्हणणे नाही. कंपनीने यासाठी सोय केलेली आहे, पण ती फार थोडे लोक वापरतात. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानगीचा विभाग आहे. तेथे समोरच्या माणसाचा स्वतःचा ईमेल टाकायचा आणि त्याचे काम ठरवून द्यायचे. तो आपल्याच पासवर्डने आत येतो. आपला पासवर्ड त्याला द्यावा लागत नाही.

कामाच्या पायऱ्या अशा आहेत. व्यवस्थापक जवळजवळ सर्व करू शकतो, इतरांना आत घेऊ किंवा बाहेर काढू शकतो, पण चॅनल कायमचे पुसू शकत नाही. संपादक व्हिडिओ चढवतो आणि दुरुस्त करतो, मात्र इतरांच्या परवानग्या बदलू शकत नाही. मर्यादित संपादकाला हीच कामे करता येतात, पण कमाईचे आकडे दिसत नाहीत. दर्शक सर्व पाहतो, बदलत काही नाही. मर्यादित दर्शकाला कमाईसुद्धा दिसत नाही.

कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर थोरला मुलगा किंवा भागीदार व्यवस्थापक, चित्रण करणारा मुलगा मर्यादित संपादक आणि हिशेब पाहणारे मुनीमजी दर्शक. कोणी काम सोडले की त्याचे नाव यादीतून काढायचे. एका मिनिटाचे काम. पासवर्ड बदलायला नको, इतरांना नवा सांगायला नको, आणि जाणाऱ्याच्या मनातही किल्मिष राहत नाही.

खाते चुकीच्या माणसाच्या नावावर असेल तर मालकीही बदलता येते. त्यासाठी चॅनल ब्रँड खात्यावर असावे लागते. खासगी खात्यावरील चॅनल आधी तेथे हलवावे लागते. मग नव्या माणसाला त्यात घ्यायचे, किमान ७ दिवस थांबायचे आणि त्यानंतर त्याला मुख्य मालक करायचे. हे सात दिवस कंपनीने मुद्दाम ठेवले आहेत. घाईने केलेली मालकी-बदल पुष्कळदा चोराची असते.

मिरजेचे उदाहरण येथे आठवते. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव कोणा एका कारागिराचे नाही, सर्वांचे आहे. पण म्हणून कोणीही ते आपल्या वाद्यावर लावावे असे चालत नाही. १९९९ च्या कायद्यात नोंदणीकृत मालक वेगळा आणि अधिकृत वापरकर्ते वेगळे, आणि त्या वापरकर्त्यांची नावनिशीवार नोंद होते. वस्तू सामाईक, पण वापरणाऱ्याचे नाव वहीत. खात्याच्या भागीदारीलाही हाच नियम लावावा.

जोडलेले खाते : एकाचा अपराध, दुसऱ्याला शिक्षा

आता त्या जरदोजी कारखान्यातील दुसऱ्या गोष्टीकडे वळू. भाच्याच्या ईमेलची पेटी आम्ही त्याच्याकडूनच उघडवून घेतली, तेव्हा कंपनीची दोन इशारापत्रे न वाचता पडलेली सापडली. त्याच्या मित्राने त्याच लॉगिनखाली दुसरे एक चॅनल उघडले होते आणि त्यावर क्रिकेट सामन्यांचे तुकडे चढवले होते. सामन्याचे हक्क दुसऱ्याचे. त्या चॅनलवर कॉपीराइटच्या दोन स्ट्राइक पडल्या होत्या. जरदोजीचा आणि क्रिकेटचा काय संबंध? मामूंना या चॅनलचे नावही माहीत नव्हते. पण यूट्यूबचा नियम असा की ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक पडल्या तर ते खाते आणि त्याच्याशी संलग्न असलेली चॅनल बंद होऊ शकतात. म्हणजे आणखी एक सामना चढला असता तर मामूंचे दोन वर्षांचे धडे धोक्यात आले असते. त्यांची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दावा आणि स्ट्राइक एक नव्हे. व्हिडिओत मागे एखादे चित्रपट-गीत वाजले तर बहुधा यंत्राद्वारे दावा लागतो. त्या व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे जाते किंवा तो व्हिडिओ दिसेनासा होतो, पण खात्यावर डाग पडत नाही. स्ट्राइक ही हक्कदाराच्या कायदेशीर तक्रारीवरून पडते आणि ती खात्यावर पडते. स्ट्राइक आली की ९० दिवस मुकाट्याने जाऊ द्यावेत, किंवा हक्कदाराशी बोलून तक्रार मागे घेण्याची विनंती करावी. तक्रार चुकीची असेल तर प्रतिदावा करावा. पत्र न उघडणे हा उपाय नव्हे.

जोडण्याचा दुसरा प्रकार ॲडसेन्सचा. एका ॲडसेन्सला अनेक चॅनल जोडता येतात. त्यामुळे एखादा नातेवाईक येतो आणि म्हणतो, "माझे ॲडसेन्स मंजूर होत नाही, तुमच्याला जोडू द्या, पैसे मागाहून वाटून घेऊ." भिडेपोटी आपण होकार देतो. पुढे त्याच्या घरची मंडळी त्याच्याच जाहिरातींवर दिवसभर बोटे दाबत बसतात. खोट्या क्लिकमुळे बंद पडते ते ॲडसेन्स, आणि ॲडसेन्स असते आपले. एकदा या कारणाने बंद झालेल्या माणसाला पुन्हा ॲडसेन्स मिळणे जवळजवळ अशक्य. शिवाय त्याच्या पैशाचे उत्पन्न कागदावर आपल्या पॅनवर दिसते. जामीन राहण्याआधी आपण दहादा विचार करतो, तितकाच विचार येथेही करावा.

तिसरा प्रकार म्हणजे "हजार सबस्क्रायबर मिळवून देतो, फक्त आमचे ॲप तुमच्या खात्याला जोडा" असे सांगणारे. खोटी संख्या वाढवणे हे यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीच, वर आपण अनोळखी माणसाला आपल्या खात्यात वावरण्याची परवानगी देऊन बसतो. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर अशा जोडलेल्या ॲपची यादी असते. ती दर तीन महिन्यांनी पाहावी. ज्याचे काम आठवत नाही, ते तोडून टाकावे.

आपण वर्गणीदार असतो तेव्हा

आतापर्यंत आपण मालकाच्या बाजूने बोललो. पण आपल्यापैकी अनेक जण दुसऱ्याच्या शिकवणीचे वर्गणीदारही आहेत. एकाने पैसे भरायचे आणि गल्लीतील सहा कारखान्यांनी त्याच लॉगिनवर धडे पाहायचे, असे सर्रास चालते. "एवढ्याने त्याचे काय बिघडते?" असे म्हटले जाते. मामूंनीच याचे उत्तर दिले. ते म्हणाले, "मी एक फ्रेम शिकवायला महिना घालवतो. पाच जण फुकट पाहतात म्हणजे माझे पाच शागीर्द हात न लावता पळाले." आपल्या मालाची नक्कल झाली की आपण चिडतो. दुसऱ्याच्या विद्येलाही तोच काटा लावावा.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हे महागात पडते. कंपन्या आता यावर नजर ठेवतात. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतातही घराबाहेरील पासवर्ड-वाटप बंद करण्यास सुरुवात केली. यूट्यूबच्या प्रीमियम सेवेची कुटुंब योजना आहे, पण तिच्यात मुख्य माणसाखेरीज पाच जण आणि तेही एकाच घरात राहणारे, अशी अट आहे. स्वस्तात लॉगिन विकणारे गट मोबाइलवर फिरतात, त्यांच्यापासून दूरच राहावे. तेथे विकला जाणारा पासवर्ड बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी चोरलेला असतो. धडे उतरवून घेऊन पुढे वाटणे हा तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा होऊ शकतो. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

आपल्या कार्डावरून दरमहा वर्गणी आपोआप कापली जात असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम माहीत असावा. ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना देणे बँकेवर बंधनकारक झाले. २०२२ पासून अशा वर्गणीत १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणून ती सूचना हीच आपली पहारेकरी. ती न वाचता पुसू नये.

कागद करा

आता मुख्य मुद्दा. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम १३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफा समान वाटला जातो आणि तोटाही समान सोसावा लागतो. म्हणजे तीस वर्षांची कला असलेले मामू आणि मोबाइल धरणारा भाचा यांची भागीदारी ठरली, तर कायदा दोघांना निम्मे-निम्मे देईल. ते दोघांना मान्य असेल तर उत्तमच. नसेल तर आधीच लिहून काढावे. याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे, नोंदणी न केलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातील हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर किंवा फर्मवर दावा लावता येत नाही. म्हणून कमाई नियमित येऊ लागली की करारनामा आणि फर्मची नोंदणी, दोन्ही करावे आणि ॲडसेन्स फर्मच्या नावाने काढून फर्मच्याच बँक खात्याला जोडावे.

करारात एवढ्या गोष्टी असाव्यात :

१) चॅनल, त्याचे नाव आणि त्यातील व्हिडिओ कोणाच्या मालकीचे.
२) खात्याचा ईमेल आणि ओटीपीचा क्रमांक कोणाचा. तो शक्यतो फर्मसाठी घेतलेला स्वतंत्र असावा.
३) कोणाला कोणती परवानगी, आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणाला.
४) कमाईचा वाटा कसा, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला हिशेब.
५) या लॉगिनला किंवा ॲडसेन्सला दुसरे चॅनल जोडायचे तर सर्वांची लेखी संमती.
६) कोणी परदेशी गेला, वेगळा झाला किंवा मरण पावला तर काय.

कराचा विचारही येथेच करावा. यूट्यूबची कमाई हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. अमेरिकी कराची माहिती ॲडसेन्समध्ये भरली नाही तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कर तिकडेच कापला जाऊ शकतो. भारतीय म्हणून फॉर्म भरल्यास अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच, साधारण १५ टक्के दराने कर कापला जातो. फॉर्म ज्याच्या नावाचा, उत्पन्नही त्याचेच धरले जाते. जीएसटी आणि इतर बाबी आपल्या कर-सल्लागाराला विचाराव्यात.

सहावे कलम लोक टाळतात. मरणाची गोष्ट कोण काढणार? पण गूगल कोणाच्याही वारसाला पासवर्ड देत नाही, हे लक्षात घ्यावे. गूगल खात्यात एक सोय आहे. खाते ३ ते १८ महिने वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या, जास्तीत जास्त १० जणांना कळवून ठरवलेली माहिती त्यांच्या हाती दिली जाते. हे एकदा भरून ठेवायला दहा मिनिटे लागतात. तसेच गूगल ओटीपीच्या बदली वापरता येणारे १० राखीव आकडे देते. प्रत्येक आकडा एकदाच चालतो. ते कागदावर लिहून जुन्या लोखंडी गल्ल्यात ठेवावेत. मामूंकडे ते असते तर सिम बंद पडल्यावरही काम अडले नसते.

खाते हातचे गेलेच तर वेळ घालवू नये. ज्या फोनवर किंवा संगणकावर आपण नेहमी लॉगिन करीत होतो, त्यावरूनच गूगलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर जावे. चोराने फोन क्रमांक बदलला तरी जुन्या क्रमांकाच्या आधारे खाते परत मिळवण्याची संधी काही दिवस, बहुधा सातच दिवस असते. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. खाते परत मिळाले की सर्व उपकरणांवरील लॉगिन बंद करून मगच नवा पासवर्ड ठेवावा.

शेवट

त्या कारखान्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. भाच्याने तिकडून सहकार्य केले. क्रिकेटचे चॅनल काढून टाकले. जरदोजीचे चॅनल फर्मच्या नव्या ईमेलवर आले. जुन्या दोन स्ट्राइकचे ९० दिवस सरेपर्यंत सर्वांनी धीर धरला. करारात भाच्याचा वाटा ठरला, आणि तो आता परदेशातून मर्यादित संपादक म्हणून व्हिडिओ जुळवून देतो. भाच्याने मागील सहा महिन्यांचा हिशेब पाठवला, तेव्हा एकही रुपया कमी निघाला नाही. त्याने काही खाल्ले नव्हते. पण हे कळेपर्यंत एक बहीण सहा महिने माहेरी आली नव्हती.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आज रात्री दुकान बंद केल्यावर घरच्यांना घेऊन बसा आणि चार प्रश्न विचारा. आपल्या चॅनलचा मालक कागदावर कोण आहे? पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? ओटीपी कोणाच्या फोनवर जातो? आणि आपल्या खात्याला आणखी काय-काय जोडलेले आहे? चारांपैकी एकाचेही उत्तर देताना घरात दोन मते निघाली, तर उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी ते काम उरकून घ्या.